खिशातला फ्यूज

साडभाऊ, जयभीम. तुमची गाडी सुरू झाली. ही खबर तुमाले देल्याशिवाय माह्या घशाखाली चहा उतरून नाही राह्यला, म्हणून लिहाले बसलो. नंदा म्हणते, "जितेपणी रोज भांडले, आता कायले कागद काळे करता?" म्या म्हटलं, भांडण अर्धंच राह्यलं ना बाई, ते कोण पुरं करीन?

लोक तुमच्याबद्दल लय चांगलं बोलून राह्यले. पुण्यानुमोदनाच्या दिवशी विहारात एकेकानं माइक हातात घेतला अन् तुमाले शांत स्वभावाचे म्हटलं. शांत! मी मागच्या सतरंजीवर बसलो होतो. उठून विचारावं वाटलं, बाप्पा, नेमकं कोणाबद्दल चालू आहे? माह्या दुकानात येऊन, गिऱ्हाइकासमोर, "आटोवाले, तुमाले वायरीतलं काय समजते, ठेंगा?" असं म्हणणारा माणूस शांत कसा? पण ताई समोर बसल्या होत्या. मी गप राह्यलो. तुमच्यासाठी गप राहायची पयलीच वेळ होती ती, नोंद घ्या.

आपण दोघं दोन बहिणींचे नवरे. शेवंताताई मोठ्या, माही नंदा धाकटी. तुम्ही राजूरच्या कोळशाच्या खाणीत इलेक्ट्रिशियन, अन् मी लोहाऱ्याले एमआयडीसीच्या रोडवर आटोची अन् ट्रॅक्टरची वायरिंग करणारा. तुम्ही रिटायर होऊन माह्या दुकानामागच्या गल्लीत घर बांधलं, तवापासून माह्या दुकानात गिऱ्हाइकापेक्षा तुमचे सल्ले जास्त. मी तुमाले खाणवाले म्हणो, तुम्ही मले आटोवाले. नावानं आपण एकमेकाले कधी हाक मारली का हो? मले तर आठवत नाही.

ती गाडी तुमाले भंगारवाल्याच्या वाड्यात दिसली. नागपूरकडचं कोणतं तरी मोठ्या लोकायचं ठिकाण बंद पडलं होतं, तिथून लोखंडासोबत आली होती. वर छप्पर, चार बारकी चाकं, अन् सीटवर दोन बकऱ्या आरामात बसलेल्या. तुम्ही बकऱ्या हाकलल्या, सीट उचलली अन् खाली बॅटऱ्या पाहून जे हसले ना, तसे तुम्ही माह्या लग्नातही हसले नव्हते. "आपल्या खाणीतल्या बॅटरीच्या इंजिनाची बारकी बहीण आहे हो ही," म्हणे.

घरी आणली तवा सारी गल्ली जमा झाली. ताई दारात खुर्चीवर बसल्या होत्या. त्यायनं विचारलं, "हे काय आणलं?"

"गोल्फची गाडी आहे."

"गोल्फ म्हणजे?"

"मोठे लोक काठीनं चेंडू मारतात. मंग चेंडू जिथं पडला तिथवर या गाडीत बसून जातात."

"त्यायले चालता येत नाही काय?"

"येते ना. चांगलं येते."

ताईनं खुर्चीच्या हातावर थाप मारली. मंग म्हणाल्या, "हाव का! चालता येते त्यायले गाडी, अन् मले खुर्ची!"

तवा मले समजलं तुम्ही गाडी काहून आणली ते. ताईचे गुडघे गेले तवापासून त्यायचं विहारात जाणं बंद होतं. टेकाडावरचं विहार, चढाचा रस्ता. आटोची पायरी उंच, तिच्यावर पाय चढत नव्हता. दवाखान्यातून आणलेल्या चाकाच्या खुर्चीकडे त्या पाहतही नव्हत्या. "मले बसवून ढकलत नेऊ नोका, मी सामान नाही," म्हणत. अन् पावसाळाभर चालणारं वर्षावासातलं ग्रंथवाचन ताईशिवाय म्हणजे काय राह्यलं होतं, ते आपण दोघं ऐकत होतो. वाचणारे वाचत, ऐकणारे पेंगत. ताई वाचत होत्या तवा भांडखोर बाया सुद्धा कान देऊन बसत. या गाडीचा तळ बुटका, बाजू उघडी. नुसतं टेकलं की बसलं. तुम्ही ताईले शब्द देला, "औंदा समाप्तीले शेवटचं पान तूच वाचशीन. मी नेतो तुले." ताई म्हणाल्या, "येईन. पण एक झटका बसला की उतरीन, पुन्हा बसणार नाही." गुडघ्याले झटका सहन होत नव्हता, अन् ताईचा शब्द म्हणजे शब्द.

अन् गाडीत झटक्याशिवाय दुसरं काही नव्हतंच.

जुनी तऱ्हा होती तिची. पायाखालच्या पेडलले पाच पायऱ्या. पयल्या पायरीवर करंट तारेच्या साऱ्या वेटोळ्यातून, म्हणजे कॉइलीतून फिरून मोटारीत जाणार, म्हणून गाडी हळूच हलणार. पुढच्या पायरीवर एक कॉइल सुटणार, गाडी जरा जोरात. असं करत पाचव्यावर पुरी चाल. आपल्या गाडीच्या पयल्या दोन पायऱ्या मुक्या. पाय दाबा, दाबा, काहीच नाही, अन् तिसरी आली की एकदम उडी. आपण ताईच्या जागी तुरीचं पोतं बसवून पायलं, आठवते? पोतं मागच्या मागं गल्लीत पडलं अन् फुटलं. ताईनं दारातून पायलं. म्या म्हटलं, "ताई, भिऊ नोका, तुमच्याच वजनाचं घेतलं होतं." त्या दिवसापासून चार दिवस त्या माह्याशी बोलल्या नाहीत. "मी येवढी जड आहे काय?" हे त्यायनं नंदाले विचारलं, अन् नंदानं मले झाडलं. तुम्ही मात्र तुरी वेचता वेचता खांदे हलवून हसून राह्यले होते.

तिथून आपलं भांडण सुरू झालं. माह्या हिशोबानं कॉइली जुन्या झाल्या, जळल्या. साऱ्या काढून फेका, नागपूरहून इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर आणतो, पेडल दाबलं की लोण्यासारखी चाल. तुमच्या हिशोबानं कॉइली ठणठणीत, दोष माह्या वायरिंगमध्ये. माह्या! नवीन वायर म्या टाकली होती, थिंबल, म्हणजे वायरीच्या टोकाचं ते तांब्याचं कडं, एकेक म्या दाबून बसवलं होतं. मी मीटर लावून दाखवलं, पाहा, वाजते ना? वाजते म्हणजे वायर चांगली. तुम्ही म्हणे, "रिकाम्या वायरीचं काय आयकता? वजन टाकून पाहा. खाणीत मीटर वाजून माणूस वर येत नाही, लिफ्टचा पिंजरा ओढला गेला पाह्यजे." झालं. खाण आली मधात. खाण मधात आली की मी छत्री उचलून घरी जातो, हे तुमाले चांगलं माहीत होतं, म्हणूनच तुम्ही ती आणत होते.

हॉर्नचंही तुम्ही कधी विसरू देलं नाही. आम्हा आटोवाल्यायची सवय, निगेटिव्ह म्हणजे गाडीची बॉडी. एक वायर आणा, दुसरी बॉडीले ठोका, काम फत्ते. म्या हॉर्न तसाच बसवला, अन् तो काही वाजेना. तुम्ही पायरीवर चहा पीत बसले होते. "हिच्या बॉडीत काहीच नाही हो आटोवाले. हिची निगेटिव्ह वायर बॅटरीपासून निघून परत बॅटरीपर्यंतच जाते. बॉडी नुसती बसाले आहे." अन् येणाऱ्या जाणाऱ्याले बोलावून सांगतलं. दूधवाल्याले सुद्धा. त्याले काय घेणं होतं?

अन् तुमचं ते फ्यूजाचं. मशीनले हात लावायच्या आधी फ्यूज काढून शर्टाच्या खिशात. खाणीतली सवय. माणूस खाली मशीनमध्ये हात घालून बसला, अन् वर कोणी न पाहता बटण दाबलं तर? म्हणून फ्यूज खिशात तोवर जीव आपल्या खिशात. हे मले पटत होतं, पण तुम्ही घरीही तेच करत होते. मे महिन्यात घरचा पंखा दुरुस्त कराले मेन फ्यूज काढला, खिशात टाकला, अन् स्क्रू आणाले यवतमाळले गेले. तिथं कोणी मित्र भेटला. इकडं ताई भर उन्हात सूप घेऊन वारा घालत बसल्या. तुम्ही आले तवा त्याच सुपानं तुमचं स्वागत झालं, ते म्या डोळ्यानं पायलं.

शेवटच्या दिवशी आपण बरेच तापलो होतो. समाप्ती जवळ आली होती अन् गाडी उड्याच मारून राह्यली होती. म्या म्हटलं, "बस झालं. उद्या जातो नागपूरले, कंट्रोलर आणतो. तुमच्या कॉइली भंगारात." तुम्ही चष्मा पुसला, अन् म्हणे, "उद्या या तर खरं. मंग पाहू." मी तणतणत गेलो. सकाळी तुम्ही ओट्यावर चहाचा कप घेऊन बसले अन् बसल्या जागीच गेले. कप पडला पण नाही, ताई सांगतात. मी नागपूरच्या गाडीत चढलो होतो. नंदाचा फोन आला अन् मी बायपासलेच उतरलो.

मले तुमचा राग आला होता, खरं सांगतो. माणसानं "मंग पाहू" म्हणून असं जाऊ नये.

पुढचे दिवस कसे गेले ते राहू द्या. मी रोज दुकान उघडायच्या आधी तुमच्या घरी येत होतो. बाहेरच्या खोलीत तुमचा फोटो मांडला होता. समोर तुमचा चष्मा, घड्याळ, मेणबत्ती. झेंडूची फुलं घेऊन येत होतो, ती फोटोसमोर ठेवत होतो अन् हात जोडत होतो. मनात म्हणत होतो, खाणवाले, माणसानं निदान हरून तरी जावं, नाहीतर जिंकून तरी. हे काय मधातच?

समाप्तीच्या चार दिवस आधी विहारातल्या बाया आल्या. "शेवंताबाई, शेवटचं पान तुम्हीच वाचा. त्यायची इच्छा होती." ताईनं फोटोसमोरची मेणबत्ती सरळ केली. मंग म्हणाल्या, "यायनं म्हटलं होतं गाडीनं नेतो. गाडी चालली तर येईन. नाही चालली तर समजीन, यायच्यासंगच गेलं ते." अन् साऱ्या बायायनं माह्याकडे पायलं.

मी दुकान बंद केलं अन् गाडीले भिडलो. म्हटलं, आधी आहे तशी चालू तर करू, झटक्याचं नंतर पाहू. चावी फिरवली, पेडल दाबलं. सीटखाली करंट जोडणारं ते सोलेनॉइड टक करत होतं ना, ते टक सुद्धा नाही. उडी नाही, आवाज नाही, काहीच नाही. मेल्यावर गाडीनंही तुमाले साथ देली वाटते, म्या म्हटलं. तपासायचा बल्ब काढला. त्याचा चिमटा बॉडीले लावला, दुसरं टोक इथं लावलं, तिथं लावलं. कुठंच उजेड नाही. बॅटऱ्या उतरल्या समजून चार्जिंगले लावल्या. पुन्हा पायलं. अंधार. चावीचा स्विच खोलला, पुढं-मागं जायचा स्विच खोलला, सोलेनॉइड खोललं, साफ केलं, बसवलं. अंधार. तिसऱ्या दिवशी मी तुमच्या पायरीवर डोस्कं धरून बसलो. ताईनं आतून चहा पाठवला, विचारलं काहीच नाही. तेच जास्त लागलं.

मी चहा पीत होतो तवा समोरून दूधवाला निघाला. मले पाहून हसला अन् म्हणे, "काय भाऊ, हॉर्न वाजला काय?"

अन् माह्या डोस्क्यात तुमचा आवाज आला. बॉडीत काहीच नाही हो आटोवाले!

तीन दिवस मी चिमटा बॉडीले लावून बसलो होतो! साडभाऊ, सारी उमर जे केलं ते हात आपोआप करतात, डोस्क्याले विचारत नाहीत. चिमटा उचलला, बॅटरीच्या निगेटिव्हले लावला, अन् टोक लावलं तर झगझगीत उजेड. बॅटऱ्या तर टुणटुणीत! मंग एकेक वायर धरून पुढं गेलो. उजेड, उजेड, अन् फ्यूजाच्या त्या काळ्या डबीपर्यंत उजेड. डबीच्या पलीकडे अंधार. ती डबी म्या पायलीच नव्हती, कारण तिच्यात नवा फ्यूज मीच टाकला होता. अन् डबी बंद होती. नीट, घट्ट, धूळ जाऊ नये अशी. म्या उघडली. आत काहीच नाही.

मी एकटाच हसलो, मंग रडलो, मंग पुन्हा हसलो. ताई म्हणाल्या, "काय झालं?" म्या म्हटलं, "ताई, साडभाऊ गेले त्या दिवशी अंगात शर्ट कोणता होता? खिशात काही सापडलं काय?"

"सापडलं ना. काचेची बारकी नळी. मले वाटलं काही जपून ठेवलं असंन, म्हणून फोटोसमोरच ठेवली."

घरचा फ्यूज ताई ओळखत होत्या, तो चिनी मातीचा, जाडजूड. हा काचेचा त्यायनं कुठी पायला होता? त्यायनं खुर्चीवरूनच फोटोकडे हात लांबवला, झेंडूची फुलं बाजूले सारली. चष्म्याच्या अन् घड्याळाच्या मधात तो पडला होता. तीन दिवस मी गाडीत त्याले शोधून राह्यलो होतो, अन् रोज सकाळी स्वतःच्या हातानं त्याच्यावर फुलं टाकून राह्यलो होतो. फोटोत तुमची ती चेहऱ्याची तऱ्हा पाहून मले पक्कं वाटलं, तुमाले सारं दिसत होतं.

माह्या दुकानात तसे फ्यूज डबाभर आहेत. पण म्या तोच घेतला. डबीत टाकला, चावी फिरवली, पेडलवर पाय ठेवला. सीटखाली टक झालं. दात ओठ आवळून उडीची वाट पाहत बसलो, म्हटलं आता तिसऱ्या पायरीवर आपलं पोतं होते.

पयल्याच पायरीवर गाडी हलली. हळूच. मी पाय तसाच ठेवला, ती मुंगीच्या चालीनं गल्लीत निघाली. दुसरी पायरी, जरा जोरात. तिसरी. चौथी. कुठी झटका नाही, कुठी उडी नाही. मी गल्लीच्या टोकाले जाऊन थांबलो अन् उतरून सीट उचलली. दुसऱ्या कॉइलीच्या टोकाले नवीन थिंबल. त्याच्यावर लाल टेप, तुमच्या खाणीतल्या पद्धतीनं गुंडाळलेली, अन् टेपेचं टोक दुमडून ठेवलेलं. पुढच्या माणसाले खोलाले सोपं जावं म्हणून तुम्ही ते नेहमी दुमडत होते. बाजूलेच माहं जुनं थिंबल कापून ठेवलं होतं. आतल्या तारा तुटलेल्या, दोन-तीन तेवढ्या चिकटून. मीटर वाजवाले त्या पुरल्या, गाडी ओढाले नाही.

म्हणजे मी तणतणत गेल्यावर तुम्ही फ्यूज काढून खिशात टाकला, दोष शोधला, दुरुस्त केला, अन् चालवून पाहणं सकाळसाठी राखून ठेवलं. माह्यासमोर. "उद्या या तर खरं." आता समजलं मले ते काय होतं.

एकच गोष्ट समजत नाही. ते तुटकं थिंबल तुम्ही फेकलं काहून नाही? मले दाखवून दूधवाल्यापर्यंत साऱ्यायले सांगणार होते, की माह्या हातात गुपचूप ठेवणार होते? तुमाले ओळखतो म्हणून पयलंच खरं वाटते. पण कधी कधी दुसरंही वाटते, अन् मंग मी ते थिंबल दुकानाच्या गल्ल्यातून काढून पाहतो.

समाप्तीच्या सांजेले ताई पांढरं लुगडं नेसून बाहेर आल्या. सीटवर टेकल्या, पाय आत घेतले, अन् म्हणाल्या, "झटका बसला तर उतरीन, आधीच सांगतो." म्या म्हटलं, "ताई, गाडी मी चालवून राह्यलो, पण दुरुस्ती त्यायची आहे." त्यायनं पदर सावरला. चढावर तिसऱ्या पायरीवर पाय ठेवला. बाया दोन्ही बाजूनं चालत होत्या, अन् ताई मधात बसून साऱ्यायची विचारपूस करत होत्या. विहाराच्या दारात थांबलो तवा त्यायनं स्टिअरिंगवरचा माहा हात एकदा दाबला.

वाचलं त्यायनं. शेवटचं पान सारं वाचलं.  कोणीही पेंगलं नाही. मी मागच्या सतरंजीवर तुमच्या जागेच्या बाजूलेच बसलो होतो. साडभाऊ, तुमचे लय उपकार आहेत. हे तोंडावर म्या कधीच म्हटलं नसतं, म्हणून आता म्हणून राह्यलो.

कंट्रोलरचं माहं म्हणणं मात्र कायम आहे. पुढच्या वर्षी आणीनच.

घरी येऊन गाडी उभी केली. म्हटलं ब्रेकची वायर जरा ताणू. हात घालायच्या आधी डबी उघडली, फ्यूज काढला, अन् खिशात टाकला. टाकल्यावर लक्षात आलं काय केलं ते. नंदाले तेव्हाच बजावून ठेवलं, "माहा शर्ट धुताना खिशात काचेची नळी सापडली तर माह्या हातात दे. फोटोसमोर ठेवू नोको बाप्पा, मी अजून जिता आहे."